नाचून झिजलेल्या तबकड्या: नाशकात जुन्या लावण्या आणि फॉक्सट्रॉट जमवताना

देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याची आवराआवर चालली होती. माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. वर भजनांच्या सात-आठ ग्रामोफोन तबकड्या, मध्ये कोलंबिया कंपनीचे फॉक्सट्रॉट, म्हणजे विलायती नाचाच्या तबकड्या, आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लावणी. भजनं कोरी करकरीत, दुकानातून कालच आणल्यासारखी. फॉक्सट्रॉट करडे पडलेले. लावणी तर इतकी झिजलेली की गाणारणीपेक्षा खरखरच जास्त तालात. त्या घरात काय ठेवायला आणलं आणि काय ऐकायला, हे विचारावं लागलं नाही.

नाचगाण्याच्या तबकड्या जमवणाऱ्यानं ही ट्रंक लक्षात ठेवावी. या रेकॉर्डी छापल्या भरपूर गेल्या, पण त्या वाजल्याही भरपूर. तीच बोथट पिन, तेच गाणं, पाहुणे आले की पुन्हा एकदा. त्यामुळे तबकडी मिळणं अवघड नाही, वाजण्याजोगी तबकडी मिळणं अवघड आहे. लेबल वाचून पैसे देणारा फसतो. खाच वाचता येणारा सहसा फसत नाही.

आधी वस्तू ओळखा

आपण बोलतोय ते लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांबद्दल. लाख म्हणजे आपली झाडावरची, किड्यांनी केलेली लाख. तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून ही तबकडी दाबत. म्हणून ती जड असते, पडली की पापडासारखी फुटते आणि उन्हात मऊ पडते. दहा इंची बाजू तीन मिनिटांच्या आसपास चालते, बारा इंची चार-साडेचार मिनिटं.

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली १९०२ मध्ये. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गायिका गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबून परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि माल स्वस्त झाला. आपल्याकडे ७८ च्या तबकड्या थेट साठच्या दशकापर्यंत निघत राहिल्या. त्यामुळे 'लाखेची आहे म्हणजे शंभर वर्षांची' असं कुणी सांगितलं तर हसून पुढे जावं.

नाशिककराच्या वाट्याला नाचाचे दोन प्रवाह येतात. एक लावणीचा. दुसरा देवळालीमुळे आलेला विलायती नाचाचा: फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, क्विकस्टेप, टँगो. देवळालीला गोऱ्या सैनिकांचा मुक्काम असे, मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. तिथे कंटाळून डोकं फिरलेल्यांवरून इंग्रजीत 'डूलॅली' हा शब्द आला. करमणुकीला ग्रामोफोन असायचाच. पुढे पारशी कुटुंबांचे बंगले, हवापालटाला येणारी मुंबईची मंडळी, त्यांचेही ग्रामोफोन आले.

कुठे शोधायचं

गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार बहुतेकांना आधी आठवतो. तिथे जावं, पण तबकड्यांच्या आशेनं नव्हे, ओळखी करायला. पितळी भांडी आणि जुनी कुलुपं विकणारा माणूस तबकडी ओळखत नाही, पण वाडा कुठे उतरवला जातोय हे त्याला पक्कं माहीत असतं. जुन्या नाशकातले वाडे, भद्रकाली, दहीपूल, पंचवटीचा भाग, एकेक करून पाडले जात आहेत. रद्दीवाला आणि वाडा पाडणारा मुकादम या दोघांकडे आपला नंबर असला पाहिजे. मी दोघांनाही एकच सांगून ठेवलंय: पोत्यात भरू नका, आडव्या चळतीवर काही ठेवू नका, मला फोन करा, मी रिक्षा घेऊन येतो. पोत्यातून आलेल्या मालात अर्धा चुरा असतो.

देवळालीत आणि लॅम रोडला बंगल्यांचे राखणदार ही खरी वाट. घाई करू नये. चार वेळा चहा होतो, मग माळा उघडतो.

बाहेर जायचं तर मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार. मुंबईला सकाळी पंचवटी एक्सप्रेसनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पण चोर बाजारात भाव तुमच्या डोळ्यांतली चमक पाहून ठरतो. पुण्याला रस्त्यानं जात असाल तर वाटेत नारायणगाव लागतं, तमाशाचं गाव. हंगामात फडांच्या राहुट्या लागतात आणि यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. तिथे मी तबकड्या शोधायला जात नाही. जुन्या ढोलकीवाल्यांशी बोलायला जातो. कोणत्या लावणीची चाल कोणत्या फडाची, हे लेबलावर कधीच लिहिलेलं नसतं.

विकत घेताना: हात, डोळा, कान

ही पायरी शिकायला मला सात-आठ वर्षं लागली, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

तबकडी कडेनं आणि मधल्या लेबलावर धरा, खाचांवर बोट नको. दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं हळूच टिचकी मारा. बाजारात मडकं वाजवून घेतो ना, तसंच. सलग, खणखणीत नाद आला तर ठीक. बद्द किंवा किणकिणता फुटका आवाज आला तर डोळ्यांना न दिसणारी चीर आहे.

मग उजेड. तबकडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून खिडकीच्या उजेडात तिरपी करा. न झिजलेली खाच काळी आणि चमकदार दिसते, तेल लावलेल्या केसांसारखी. झिजलेली करडी दिसते. नाचाच्या रेकॉर्डीत हा करडेपणा सगळीकडे सारखा नसतो. गाणं जिथे जोरात चढतं, म्हणजे ढोलकीचा तोडा किंवा ट्रम्पेटची फेक असते, तिथे तो पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो. तसे पट्टे दिसले की समजावं, ऐन मोक्याच्या जागी आवाज फाटणार. ओरखडे मात्र घाबरण्यासारखे नसतात. वरवरचा ओरखडा 'टक् टक्' करतो, बस. नखाला जाणवेल इतका खोल असेल तर पिन उडी मारेल.

कडेचा कपचा उडालेला असेल तर तो खाचांपर्यंत पोचलाय का बघा. नुसता कडेचा असेल तर भाव पाडून घ्या, ऐकण्यात काही बिघडत नाही. तबकडी सपाट टेबलावर ठेवून वाकलीय का तेही बघा. सायकलच्या रिमसारखी थोडी लचकलेली चालते, ताटलीसारखी खोलगट झालेली नाही.

लावणी, वग, पोवाडा यांच्या तबकड्यांवर 'भाग १', 'भाग २' असतं. दोन्ही भाग एकाच तबकडीच्या दोन बाजूंना आहेत, की पुढचा भाग दुसऱ्या तबकडीवर, हे विचारून घ्या. माझ्याकडे एका वगाचे पहिले दोन भाग आहेत. पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही.

लेबल आणि शेवटच्या खाचेजवळची अक्षरं

कुत्रा छाप, म्हणजे एचएमव्ही, सगळ्यांना ठाऊक असतो. त्याआधी लेबलावर पिसानं तबकडीवर लिहिणारी देवदूताची आकृती असे. ती दिसली तर तबकडी बरीच जुनी. अगदी सुरुवातीच्या तबकड्या एकाच बाजूला मुद्रित, मागची बाजू कोरी. त्या काळातले गायक गाणं संपल्यावर स्वतःचं नाव सांगतात, कारण परदेशी कारखान्यात कुठली तबकडी कुणाची हे कळायला हवं. ते नाव ऐकायला आलं की अंगावर काटा येतो.

कुत्र्याखेरीज ओडियन, कोलंबिया, रीगल, ट्विन, आणि मुंबईचं यंग इंडिया ही लेबलं मराठी घरांत दिसतात. माझा कल यंग इंडियाकडे, कारण ती देशी कंपनी होती आणि मोठ्या कंपन्यांनी न विचारलेले आवाजही तिथे सापडतात. लावणीत बाई सुंदराबाईंच्या बैठकीच्या लावण्या जिथे दिसतील तिथे थांबा. लेबल फाटलेलं असलं तरी चालेल. पन्नास-साठच्या दशकांतल्या सुलोचना चव्हाणांच्या तबकड्या अजून वाजवी भावात मिळतात आणि नवख्यानं सुरुवात त्यांच्यापासूनच करावी. आवाज स्वच्छ, ठसका पूर्ण आणि चुकून फुटली तर दुसरी मिळते.

विलायती तबकडीच्या लेबलावर गाण्याच्या नावाखाली नाचाचा प्रकार बारीक अक्षरात छापलेला असतो. गायकाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, कारण मालक वाद्यवृंद आणि गायक पाहुणा. बहुसंख्य तबकड्या लंडनच्या वाद्यवृंदांच्या, इथे दाबलेल्या. त्या पुष्कळ आहेत. दुर्मीळ आहेत त्या इथे वाजवून इथे मुद्रित केलेल्या. क्रिकेट स्मिथ या अमेरिकन ट्रम्पेटवाल्यानं ताजमहाल हॉटेलातला आपला वृंद घेऊन १९३६ मध्ये मुंबईत रेक्स लेबलसाठी वाजवलं. टेडी वेदरफर्ड या पियानोवादकानं चाळीसच्या दशकात कलकत्त्याला कोलंबियासाठी. मग आपला गोव्याचा चिक चॉकलेट. हाच चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता आणि १९५१ च्या 'अलबेला'तली नाचगाणी ऐकताना देवळालीची ती ट्रंक आठवतेच. सी. रामचंद्र पुणतांब्याचे, म्हणजे नाशिकहून फार लांबचे नाहीत. दोन्ही प्रवाह तिथे मिळाले असं मी म्हणतो, मित्र मला हसतात.

आता लेबलाच्या कडेला, खाचा संपल्यावरच्या कोऱ्या भागात, भिंगातून बघा. तिथे ठोकलेला क्रमांक असतो. लेबल चुकीचं लागू शकतं, हा क्रमांक सहसा खरं बोलतो. एचएमव्हीच्या तबकडीवर या क्रमांकाशेजारी छोटा त्रिकोण असेल, तर ती मायक्रोफोननं, म्हणजे १९२५ नंतरच्या विद्युत पद्धतीनं मुद्रित केलेली. त्याआधी सगळे जण कर्ण्यासमोर दाटीवाटीनं बसून गात. त्या पद्धतीत खालचे आवाज उमटतच नसत, म्हणून जुन्या लावणीत ढोलकीचा घुमारा शोधू नका. तिथे ढोलकी म्हणजे नुसती टकटक.

धुणं

सर्वांत मोठी चूक सांगतो, कारण ती मी केली आहे. बुरशी आलेली तबकडी मी सर्जिकल स्पिरिटनं पुसली. कापूस काळा झाला, मला वाटलं मळ निघतोय. मळ नव्हे, गाणं निघत होतं. सुतार पॉलिशसाठी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतो, चपडा म्हणजे लाख, हे माहीत असूनही डोक्यात प्रकाश पडला नाही. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलोन, काच पुसायचे फवारे, यांपैकी काहीही लाखेच्या तबकडीला लावायचं नाही.

लागतं ते एवढंच: डिस्टिल्ड पाणी (इन्व्हर्टरला घालतो ते, बाटलीवर ॲसिड लिहिलेलं नाही ना ते बघून), भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, लहान मुलाचा मऊ टूथब्रश, जुनं मऊ धोतर. लेबलावर डब्याचं घट्ट बसणारं प्लॅस्टिकचं झाकण दाबून धरा, नाहीतर लेबलाचा रंग उतरतो. आधी कोरड्या ब्रशनं धूळ काढा. मग साबणपाण्यानं खाचेच्या दिशेनं, गोल गोल. आडवं घासू नका. लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्यानं विसळा, धोतरानं टिपा आणि भांड्यांच्या ताटाळ्यात उभी करून पंख्याखाली वाळवा. उन्हात नाही. भिजत तर कधीच घालू नका, चिरेतून पाणी आत शिरलं की तबकडी फुगते. आणि नुकत्याच धुतलेल्या तबकडीवरही पहिल्यांदा वाजवताना पिनेला काळा गाळ लागतो. तेवढी बाजू वाजवून पिन फेकून द्यावी.

यंत्र कोणतं

चमकणाऱ्या पितळी कर्ण्याचं यंत्र पाहून जीव हरखतो. माझाही हरखला होता. घरी आणल्यावर कळलं की कर्णा नवा, पेटी नवी आणि मोटर कुठल्याशा पेटीवजा ग्रामोफोनची काढलेली. आवाज असा, की डब्यात मांजर कोंडलंय. अशी जोडकामं बाजारात भरपूर आहेत. चावीचाच घ्यायचा तर साधा, उचलून नेण्याचा पेटीवजा ग्रामोफोन घ्या, एचएमव्हीचा १०२ सारखा. दिखाऊ नाही, पण प्रामाणिक. घेताना चावी पूर्ण भरा आणि रिकामा फिरवून आवाज ऐका. स्प्रिंगमधून धपधप आलं तर ग्रीस वाळलंय. साउंड बॉक्सच्या, म्हणजे पिन बसते त्या गोल डबीच्या, आतली रबरी वळी बहुधा दगडासारखी कडक झालेली असतात, ती बदलली की आवाजात फार फरक पडतो.

लोखंडी पिनेचा नियम मोडायचा नाही: एक बाजू, एक पिन. तबकडीतली दगडी भुकटी पिनेला घासून खाचेच्या मापाची करते, हे मुद्दामच तसं केलेलं आहे. दुसऱ्या बाजूला तीच पिन लावली तर धारदार कडा खाच कुरतडतात. ट्रंकेतली लावणी अशीच मेली. एलपी किंवा ४५ ची, म्हणजे नंतरची प्लॅस्टिकची, हळू फिरणारी तबकडी चावीच्या ग्रामोफोनवर कधीही ठेवू नका. एका फेरीत खलास.

विजेच्या टर्नटेबलवर ऐकायचं तर घेण्याआधी ७८ चा वेग आहे का बघा, बऱ्याच नव्या यंत्रांना तो नसतो. आणि एलपीची सुई चालत नाही. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, ती खाचेच्या तळाशी जाऊन नुसता कचरा वाचते. सुईचं खाचेवरचं वजन चार-पाच ग्रॅम ठेवा. आवाज मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांत एकच, करा, अर्धी खरखर तिथेच जाते. ॲम्प्लिफायरमधली फोनोची, म्हणजे तबकडीच्या आवाजाची, आजची जुळणी एलपीसाठी असते, त्यामुळे ७८ ची तबकडी दबकी आणि ढोलासारखी वाटते. ट्रेबल थोडा वर, बास थोडा खाली.

वेग, म्हणजे नाचाचा जीव

ख्याल थोडा मंद वाजला तर लक्षात येत नाही. लावणी मंद वाजली की नाचणारीच्या पायांत बेड्या पडतात. ७८ हा आकडा नंतर पक्का झाला. १९२५ च्या आधीच्या तबकड्या ७० ते ८२ च्या दरम्यान कुठेही असू शकतात.

साधा उपाय: तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि पिन तबकडीवर टेकवून, म्हणजे ओझं असताना, अर्ध्या मिनिटात किती फेऱ्या होतात ते मोजा. ३९ झाल्या की वेग बरोबर. नेमका उपाय: ७७ पट्ट्यांची स्ट्रोब तबकडी, म्हणजे वेग तपासायला पट्ट्या छापलेली चकती. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा मिनिटाला ६००० वेळा लुकलुकतो. त्या उजेडात पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग ७७.९२, म्हणजे हवा तोच. दिवा जुना पिवळा बल्ब असावा, बरेच एलईडी लुकलुकत नाहीत.

त्याही पलीकडे पेटी, म्हणजे हार्मोनियम, काढा. वेग ६ टक्के चुकला, म्हणजे साडेचार-पाच फेऱ्यांनी, की स्वर एक पट्टी सरकतो. काळी चारची बाई पांढरी सहात गाऊ लागते. त्या काळच्या पेट्या आजच्या मापाला तंतोतंत लागलेल्या नसायच्या, म्हणून पेटी शेवटचा शब्द नाही. शेवटचा शब्द गळ्याचा. शब्द चावल्यासारखे, बाहुलीसारखे आले तर वेग जास्त. जांभई दिल्यासारखे आले तर कमी.

ऐकायचं कसं

एका बैठकीत सहापेक्षा जास्त बाजू लावू नका. पहिल्यांदा काहीही शोधू नका, खरखर कानाला सरावू द्या. दुसऱ्यांदा फक्त ताल ऐका. लावणीत ढोलकी आणि तुणतुणं आलं तर ती फडाची. तबला-पेटी असेल आणि बाई बसून, शब्द लाडिक वळवत गात असेल तर बैठकीची. फडावर जी लावणी अर्धा तास रंगते ती इथे तीन मिनिटांत कोंबलेली असते, म्हणून कडवी गाळलेली असतात आणि शेवटी लय एकदम पळते. समोरचं घड्याळ पाहून वादक धावतायत हे ऐकायला येतं.

फॉक्सट्रॉटमध्ये चार मात्रा मोजा, वॉल्ट्झमध्ये तीन. व्हिक्टर सिल्व्हेस्टरचा १९३५ पासूनचा वृंद 'सक्त लयी'साठी प्रसिद्ध, म्हणजे नाच शिकणाऱ्यांसाठी लय तसूभर हलू न देणारा. त्याची एखादी तबकडी जवळ ठेवा. चावीच्या ग्रामोफोनवर ती शेवटी मंदावली तर दोष स्प्रिंगचा, सिल्व्हेस्टरचा नव्हे.

उतरवून घेणं आणि ठेवणं

संगणकावर घेताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. पहिली प्रत कच्चीच ठेवा, खरखर काढण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये खरखर फार पुसली की आधी मंजिऱ्या जातात, मग घुंगरं. ७८ वेग नसलेलं यंत्र असेल तर ४५ वर वाजवून मुद्रित करा आणि नंतर तिथेच ४५ चा ७८ करून घ्या. सुई मात्र ७८ चीच. लोकांना ऐकवायला इंटरनेटवर टाकण्याआधी कायदा पाहा: आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, पण गीत आणि चालीचा हक्क वेगळा, रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

तबकड्या नेहमी उभ्या, घट्ट पण दाबून नव्हे. शंभर तबकड्यांचं वजन वीस किलोच्या वर जातं, प्लायवूडची फळी वाकते. माळा नको, पत्र्याखालची खोली तर नकोच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि बंद गाडीत तर त्याहून जास्त. मी गंगापूर रोडला गाडी लावून अर्धा तास जेवायला गेलो होतो, परत आलो तर तीन तबकड्यांचे द्रोण झालेले. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आणि महिन्यातून एकदा सगळं बाहेर काढून हवा. जुनी कागदी पाकिटं फाटकी असली तरी फेकू नका, त्यांवर दुकानाचे शिक्के असतात. ती वेगळ्या फायलीत ठेवून तबकडीला नवं पाकीट करा.

मी एक शंभर पानी वही ठेवली आहे. क्रमांक, कुठून मिळाली, किती वेगानं वाजवली, कुठे पिन अडते. ट्रंकेतल्या त्या लावणीसमोर लिहिलंय: '७६ ला बरी. दुसरी प्रत बघणे.' वाजवून झाल्यावर चावीतला उरलेला पीळ मोकळा करायचा, नाहीतर स्प्रिंग ताणलेली राहते. मग झाकण लावायचं.